‘नाही’वर खूण

“आशाताई, तुमी तर वरसाला कागद भरून नेता. मंग हिचं तुमाला कळलं कसं न्हाई?”

कानिफनाथांनी हे रागानं विचारलं नव्हतं. पाच आठवडे बायकोला शेवगावहून नगरच्या दवाखान्यात नेऊन-आणून माणूस इतका दमला होता, की रागावायलाही अंगात जोर उरला नव्हता. पडवीत बसून ते शेंगा फोडत होते. शेजारी मुलगा राधाकृष्ण मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. आत उंबऱ्यालगत खाटेवर बनुबाई भिंतीला टेकून होती, आणि तिच्या पायाशी कानिफनाथांची विधवा बहीण झुंबरबाई लसूण सोलत होती.

गावची आशा सेविका जयमाला पायरीवरच थबकली. सकाळपासूनचं हे चौदावं घर. टाचा ठणकत होत्या आणि तीस वर्षांवरच्या सगळ्या बायांचे फॉर्म परवापर्यंत द्यायचे होते. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, ‘काम पूर्ण करा’ असा मेसेज टाकला की झालं!

उत्तर तयार होतं. काकूंनी सांगितलंच नाही, असं म्हटलं असतं तर कुणी तोंड धरणार नव्हतं. पण गेल्या वर्षी याच पडवीत काय झालं, ते तिला पक्कं आठवत होतं. बीपी विचारून झालं, साखर झाली, तंबाखू झाली. पुढचा प्रश्न होता, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जातं का. समोर तीन पुरुष चहा पीत बसलेले. तिनं प्रश्न न विचारताच, मान वर न करता ‘नाही’वर खूण केली आणि पान उलटलं. याच घरी असं नव्हे, गावात घरोघरी तेच. पुरुष उठायची वाट बघायची म्हटली तर दिवसाला दोन घरं व्हायची नाहीत.

तेव्हा बनुबाईच्या अंगावरून जायला लागून दोनच महिने झाले होते. नातवंडं झाल्यावर कुठं पाळी परत येते होय, या लाजेनं ती गप्प राहिली. लाल दिसलं की चार दिवस देवघराला हात लावायचा नाही, एवढाच तिनं त्यावर उपाय केला. सात-आठ महिने त्यातच गेले. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. सुरुवातीलाच आल्या असत्या तर पिशवी काढून भागलं असतं. अशा दहातल्या नऊ बाया पाच वर्षांनीही हिंडत-फिरत असतात. आता ते गाठींपर्यंत पोचलं होतं. पिशवी काढली, किरणांचे पंचवीस शेक झाले, पुढं सलाईनमधून औषधं. आता दहातल्या सहा, म्हणाले. बनुबाई सहांतली की चौघींतली, ते मात्र कुणी सांगेना.

“काका, ते...” जयमाला सांगू लागली.

“इचारलं हुतं तिनं,” बनुबाई आतून म्हणाली. “मीच न्हाई म्हनले.”

जयमालानं चमकून पाहिलं. बनुबाई तिच्याकडे बघतही नव्हती, गोधडीची सुरकुती सारखी करत होती. खरं तर जयमालाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिला वाटलं, या बाईनं चारचौघांत आपली खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली, फार वाटली, आणि पडवी ओलांडून उंबऱ्याशी येऊन ती खाली बसली.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून कागद काढला.

“झुंबरआत्या, तुमचा राहिलाय.”

वय झालं, बीपी झालं, साखर झाली. मग तिनं मान वर केली आणि पडवीतही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पाळी गेल्यावर परत कधी अंगावरून रक्त गेलंय का?”

राधाकृष्ण उठून अंगणात गेला. कानिफनाथही टरफलं झटकत उठायला लागले.

“तुमी बसा,” बनुबाई म्हणाली. “मला दवाखान्यात तुमीच नेलं न्हवं? मंग ऐकायची कशाला लाज?”

ते बसले. हातातली शेंग तशीच राहिली.

“न्हाई,” झुंबरबाई म्हणाली. ती इतकी पटकन म्हणाली, की प्रश्न पुरता संपलाही नसावा.

जयमालानं पेन कागदाला लावलं नाही. ती थांबून राहिली. अजून किती घरं राहिलीत, याचा तिनं विचार केला नाही. झुंबरबाईनं एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. भावाकडं पाठ होईल अशी ती जरा सरकली.

“पोरी,” ती हळूच म्हणाली, “लई न्हाई, थोडंसंच आसलं... तर त्ये बी लिवायचं व्हय?”