रविवारच्या डोंगराचा अर्ज

घरात वर्तमानपत्रं अंथरून, त्यावर नवे बूट घालून मी अक्षरशः नाचत होतो. माझी बायको यासुए तीस वर्षं एकटीच डोंगर चढायची आणि चढाईआधी पोलिसांकडे द्यायच्या अर्जात ‘काही झाल्यास कळवा’ यापुढे माझं नाव लिहायची. या रविवारी पहिल्यांदाच मीही निघालो होतो.

“अहो, मग आता कळवायचं कुणाला?” म्हणत तिनं थेट आमच्या मुलाला, कोहेईला फोन लावला, रविवारचा बेत सांगितला आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तीन वर्षं मी पोराशी बोललो नव्हतो.

“तुझं नाव टाकू का रे?”

“छे! मीपण येतोय, बाबा. मिनोरीचं टाका.”

मी नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘नातं’.

“लिहा की!” यासुए म्हणाली.

मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘सून’.