काठोकाठ

तिने काचेवर तीनदा मूठ आपटली. ठरलेली खूण होती ती. दम संपला, मी बाहेर येतेय.

"अजून," मॉनिटरवरची नजर न हलवता दिग्दर्शक पुटपुटला. "अजून थोडं. काय घाबरलीय बघा!"

समोर काच आणि बाकी बाजूंना दगडासारख्या रंगवलेल्या फळ्यांच्या भिंती असलेल्या खोलीत छतापर्यंत पाणी होतं. सिनेमाच्या गोष्टीत पाच अनोळखी माणसांना कुणीतरी कोंडून घालतं आणि एकेका खोलीत जीवघेणं कोडं सोडवायला लावतं. चौघं आधीच्या रिळांत मेली होती. उरलेली पाचवी, म्हणजे नायिका, आज बुडता बुडता भिंतीवरचे आकडे जुळवणार होती. नायिका स्वतः बाहेर गाडीत केस वाळवत बसली होती. पाण्यात होती ती तिची डुप्लिकेट.

चाळीस सेकंद दम धरायचा, खूण करायची, मागच्या भिंतीतली फळी ढकलायची, की बाहेर. ती फळी मिस्त्रीने स्वतःच्या हाताने बसवली होती. सकाळी कोरड्या खोलीत त्याने तिच्याकडून ती चारदा उघडून घेतली. "डोळे मिटून उघडता आली पाहिजे, पोरी," तो म्हणाला होता. तिने डोळे मिटून उघडूनही दाखवली होती.

आता तिने दोन्ही हातांनी फळी ढकलली. मग लाथ मारली. मग पुन्हा हात.

मिस्त्री सेटच्या मागच्या बाजूला धावला. फळीच्या कडेने ताजी पुट्टी भरली होती. त्याने नखाने खरवडलं, तर खाली स्क्रूचं डोकं. वीतभर पुढे दुसरं. आठ होते एकूण.

"हे कुणी ठोकलं?"

मागोमाग आलेली सहायक बाई पांढरीफटक पडली होती. "फट कॅमेऱ्यात दिसत होती. साहेब म्हणाले, बंद करून टाका. तुम्ही जेवायला गेला होतात."

"आणि पोरगी कुठून येणार बाहेर?"

"वर वीतभर हवा सोडायची ठरली होती, काका. मग साहेबांना पाणी काठोकाठ हवं झालं."

"कट म्हणा!" मिस्त्री गळा फाडून ओरडला. "अहो, कट म्हणा कुणीतरी!"

कुणी म्हणालं नाही. चाळीसएक माणसं उभी होती. दिवेवाले, आवाजवाले, केस विंचरणारी, छत्री धरणारा. चाळीसही जण दिग्दर्शकाच्या तोंडाकडे बघत होते. पंपवाल्याचा हात खोलीतलं पाणी बाहेर सोडायच्या चाकावर होता आणि तोही तिकडेच बघत होता.

मिस्त्रीने पहार उचलली. पहिला घाव निसटला. दुसरा फळीच्या फटीत बसला. तिसऱ्याला त्याने सगळं अंग टाकलं, तशी फळी चौकटीसकट सुटली आणि पाण्याने त्याला उताणं पाडलं. पाण्याबरोबर ती आली, त्याच्या पायांवर आदळली. दोन दिवे फट्कन विझले.

तिला पालथी घालून तो पाठीवर थापा मारत राहिला. "घे पोरी, श्वास घे. घे म्हणतो ना!" बऱ्याच वेळाने ती ओकली. पाणी, मग आणखी पाणी, मग एक घरघर, आणि तिने श्वास घेतला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला.

चिखल टाळत, पँटचे पाय वर धरत तो मागे आला. ओकणाऱ्या मुलीकडे त्याने खरोखरच्या कौतुकाने पाहिलं. "वा! अशी भीती शिकवून येत नाही. हाच टेक ठेवू."

"पण साहेब, हिचा चेहरा दिसतोय," सहायक बाई कशीबशी म्हणाली.

"दिसू दे की. कॉम्प्युटरवर मॅडमचा लावून घेऊ."

"ती मरत होती आत," मिस्त्री म्हणाला.

"मेली का? नाही ना?" दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "तुम्ही मात्र माझी भिंत मारलीत, मिस्त्री. दोन तासांत उभी करा. उजेड आहे तोवर हातांचा क्लोजअप घ्यायचाय."

मिस्त्री उठला. पहार त्याच्या हातातच होती. ती बघून माणसं दोन पावलं मागे सरली, दिग्दर्शकही. तीस वर्षं सेट उभारले त्याने, राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, पण हातातल्या लोखंडाचं काय करावं असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आज पडला. तो दिग्दर्शकाच्या कपाळाकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

मग पाठ फिरवून त्याने पहार दुसऱ्या भिंतीत घातली.

"अहो, काय करताय? डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय," मिस्त्री म्हणाला. "मी बांधली खोली. मीच उतरवतो."

त्याच्या हाताखालच्या दोघा सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने पिशवीतून हातोडा काढला. पंपवाल्याने नळी उपसून लांब फेकली. दिग्दर्शक एकेकाचं नाव घेऊन ओरडत होता. पुन्हा काम मिळणार नाही म्हणत होता. फळ्या सुटण्याच्या आवाजात त्याचे अर्धेच शब्द ऐकू येत होते.

ती भिंतीला धरून उभी राहिली. ओठ निळे पडले होते. कुणीतरी खांद्यावर टाकलेला टॉवेल गळून पडला, तो तिने उचलला नाही.

"काका, आणखी एक पहार आहे का?"

मिस्त्रीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पेलवेल तुला?"

"द्या तर."

पहिल्या घावाला जोरच नव्हता. रंगवलेल्या दगडावर नुसता ओरखडा उठला. ती खोकली, पाय रोवून पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या घावाला फळी तडकली.