बादलीतला दात
आठवडाभर तापात ओकून ओकून मी अर्धी झाले आणि नवरा जेवणाच्या टेबलावर सिनेमातल्या हिरोचं हजार तुकड्यांचं पझल लावत होता. पलंगाजवळची बादली रिकामी कर म्हटलं, की नाक दाबून म्हणायचा, "छे गं, मला किळस येते!" मग मीच भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचे. सातव्या दिवशी त्याला हिरोचा पुढचा दात सापडेना. साहेबांनी घर पालथं घातलं. तुकडा माझ्या पांघरुणावर होता, त्याच्याच बाहीला चिकटून आलेला. मी तो अलगद बादलीत सोडला आणि म्हणाले, "इथे पडलाय बघ." पठ्ठ्याने मनगटापर्यंत हात घातला, दात काढला, पॅन्टला पुसून बसवला आणि ग्रुपवर फोटो टाकला. मग तोच हात माझ्या कपाळाला लावून म्हणाला, "ताप उतरला की! चहा टाकतेस?" मला ढवळून आलं. बादलीकडे न बघता मी टेबल गाठलं.