अक्षरं मोठी ठेवा

वाचनालयांना फुकट वापरता येईल असं सॉफ्टवेअर त्याने नोकरी सांभाळून, एकट्याने, नऊ वर्षं लिहिलं. ते जगाला दाखवायला परदेशातल्या परिषदेला जायचं, तर तिकीट आवाक्याबाहेर. प्रवासखर्चाचा अर्ज दोनदा परत आला: ‘एकट्या माणसाच्या प्रकल्पाला मदत देता येत नाही.’

“नऊ वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास,” बायको म्हणाली, “आता त्या वाढायला जायचं तरी पदरमोड नको!”

तिसऱ्या अर्जाच्या आदल्या दिवशी सासूबाई त्याच्या स्क्रीनकडे बघून करवादल्या, “जावईबापू, ही अक्षरं आहेत की मुंग्या?”

त्याने सॉफ्टवेअरमधली अक्षरं मोठी केली. सुचवणाऱ्याचं नाव सहभागींच्या यादीत घालायचं, हा या कामातला रिवाज. त्याने तोही पाळला.

यादीत नावं दोन झाली.

अर्ज मंजूर! पत्र त्याने उभ्याउभ्याच वाचलं. ‘तिकीट एकच आहे. नियमानुसार नव्या सहभागींना प्राधान्य.’

तो दातओठ खात भाषणाच्या स्लाइड्स बनवत बसला. शेजारी सासूबाई बॅगेत स्वेटर कोंबत होत्या.

 

“अक्षरं मोठी ठेवा हं, जावईबापू. आणि एवढं सांगा, हे आपलं सॉफ्टवेअर करतं तरी काय?”