कोंडवाड्यातला वळू

श्रीरामने कोंडवाड्याच्या भिंतीला लागून जीप उभी केली, तेव्हा आतून साधं हंबरणंही ऐकू आलं नाही. आत चाळीसेक जनावरं होती.

"सकाळपासून अशीच हायेत," सरपंच सत्यशीलाबाई म्हणाल्या. "वैरण टाकली, पाणी ठेवलं. एकानंबी तोंड लावलं न्हाई. निस्ती बघायलीत."

झरीहून परभणीला जाणाऱ्या रस्त्यावर हा कळप पाच-सहा वर्षं मोकाट होता. कुणी भाकड गाय सोडलेली, कुणी नकोसा गोऱ्हा. पुढे त्यांना रानातच वासरं झाली. कळप दिवसभर कालव्याकाठच्या बाभळींत असायचा. ऊन कललं की उभ्या हरभऱ्यात शिरायचा आणि अंधारून येताना डांबराच्या उबेला येऊन बसायचा. हॉर्न वाजवला तरी एकही जनावर हलत नसे. त्यांना धडकून दोघा मोटारसायकलवाल्यांचे पाय गेले होते, एक टेम्पो उलटला होता.

पण पहिला जीव गेला तो नर्मदाबाईंचा, चार वर्षांपूर्वी. त्या शेतातून घरी निघाल्या होत्या. श्रीराम बियाण्यांच्या कंपनीत होता आणि सेलूला घरी जाण्याआधी याच रस्त्याने परभणीला चालला होता. त्याने जबाबात सांगितलं होतं, की तुरीतून एक काळा वळू उसळून बाहेर आला, त्याने बाईंना उडवलं, जीपच्या तोंडावर आदळला आणि पळून गेला. बाईंना जीपमध्ये घालून श्रीरामनेच दवाखान्यात नेलं. त्या वाटेतच गेल्या. पंचनाम्यात 'मोकाट जनावराच्या धडकेने मृत्यू' असं लिहिलं गेलं. अनोळखी बाईसाठी एवढी धावपळ केली म्हणून गावाने त्याला शाल आणि नारळ दिला होता.

त्यानंतर नर्मदाबाईंचे पती बन्सीधर घरची गुरंही कळपात सोडून त्याच्यामागे हिंडू लागले. हातात काठी नाही, दावं नाही. गुरं चालली की चालायचे, बसली की बसायचे. दोन-चार महिन्यांनी श्रीरामला त्यांचा फोन यायचा.

"साहेब, त्याचं शिंग कसं व्हतं?"

"काका, अंधारलं होतं. नीट दिसलं नाही."

"बरं. आठवलं तर सांगा."

श्रीरामने तो रस्ता सोडला. लांबचा पडला तरी दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. फोन मात्र येतच राहिले.

काल गावातल्या तीस माणसांनी कळप घेरून कोंडवाड्यात घातला. उद्या ट्रक येणार होते, जनावरं गोशाळेत जाणार होती. मारका वळू वेगळा काढायचा होता.

"बन्सीधरभाऊंनी एकच गोष्ट मागितली," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ज्यानं बघितलं त्यानं येऊन दाखवावं. इथं न्हाई सापडला तर पुन्ना हुडकत फिरतो म्हनायलेत. तुमालाबी फोन करतच ऱ्हातील. तेवढं एकदा मिटवा, साहेब. त्यांची दशा बघवंना."

मिटवायचं श्रीरामलाही होतं. फाटक उघडून तो आत गेला.

उन्हं उतरली होती. भिंतींची सावली जनावरांच्या पोटापर्यंत चढली होती. श्रीराम दोन पावलं आत आला आणि चाळीस माना एकदम त्याच्याकडे वळल्या. शेपटी हलली नाही, कान हलला नाही. त्यांच्या मधोमध बन्सीधर उकिडवे बसले होते. ते उठले तशी गुरं आपोआप बाजूला सरकली.

"आलात. लय बरं झालं." त्यांचा आवाज शांत होता. "काळे चार हायेत. घाई करू नका."

श्रीरामने रुमालाने मान पुसली. थंडीचे दिवस होते, तरी रुमाल ओला झाला. पहिला वळू बारका होता. दुसरा म्हातारा, पाठीचा कणा वर आलेला. तिसऱ्याच्या कपाळावर पांढरा टिक्का होता. चौथा भिंतीशी उभा होता. थोराड, कोळशासारखा, डावं शिंग खाली वळलेलं. असा वळू माणूस मारू शकतो, हे कुणालाही पटलं असतं.

"हा."

"नीट बघा, साहेब. मुका जीव हाय. उगं आळ नको."

"हाच, काका. हे शिंग मला आता आठवलं."

"तवा बी येवढाच थोर व्हता?"

"एवढाच. जीपचं बॉनेट चेपलं होतं त्याच्या धडकेनं."

"अन् जाताना?"

"वळून बघितलं होतं माझ्याकडे. हेच डोळे. मी विसरणार नाही."

फाटकापाशी सत्यशीलाबाईंनी सुस्कारा सोडला. श्रीरामलाही चार वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी वाटली. आता फोन येणार नव्हता. तो बन्सीधरांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला.

बन्सीधर तेवढ्यात वळूकडे गेले. सकाळपासून कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या गळ्याखाली हात घातला, आणि वळूने मान खाली करून त्यांच्या छातीला टेकवली. मागे कुठलंसं जनावर हलकेच हंबरलं.

बन्सीधर बराच वेळ त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत राहिले. मग श्रीरामकडे न बघता म्हणाले,

"ह्यो नर्मदेच्या तेराव्याच्या दिशी जन्मला, साहेब. माझ्याच गोठ्यात."