वाटेवरचा आडवा बांबू

साथीची बातमी आली तसा लालसू पुजाऱ्याने गावाच्या वाटेवर बांबू आडवा बांधला. असा बांबू दिसला की परक्याने ओलांडायचा नाही, ही वाडवडिलांची रीत. परवा लसवाले साहेब तो फेकून देऊन आत आले, तेव्हा सगळे गाव जंगलात पळाले. लस कुणीच घेतली नाही.

आज सिस्टर एकटीच आली आणि लसीची बर्फपेटी घेऊन बांबूपलीकडे उन्हात बसून राहिली.

"साहेब भ्याले नव्हते. तू भ्यालीस होय?" लालसूने टोमणा मारला.

"भ्याले ना मी, बाबा. मी काल बाजारात होते. आजार माझ्याच अंगावर बसून आला असला तर? त्यासाठीच ना हा बांबू?"

लालसूने पेटीकडे पाहिले. नदीपल्याडच्या गावातले तीन म्हातारे साथीत गेले होते, आणि त्याची स्वतःची म्हातारी झाडामागे लपून ऐकत होती.

"बर्फ किती वेळ टिकेल?"

"दुपारपर्यंत."

त्याने खांद्यावरचा पंचा सारला आणि बांबूवरून हात बाहेर काढला. "टोच. पण पाय तिकडेच ठेव, पोरी."

मग मागे न पाहताच त्याने हाक दिली, "ए म्हातारे, ये बाहेर! माझ्यामागे तुझा नंबर."