गूळ पडायच्या आधी

"सुकडी नको. नुसते शेंगदाणे दे," कडूबाई म्हणाली.

मुक्ताबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. पाथर्डीकडच्या एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर दुपारची सुकडी करायची आणि वाटायची जबाबदारी तिची होती. पत्र्याच्या छपरीत पहिला घाणा वाटून संपत आला होता. दुसऱ्यासाठी चुलीवर पीठ भाजत होतं, बाजूला भाजक्या शेंगदाण्यांचं सूप होतं आणि त्याला लागून फोडलेली गुळाची ढेप. कडूबाईचं बोट सुपाकडं होतं.

"आगं, तेच दाणे कुटून ह्याच्यात टाकते मी."

"ठावं हाय. गूळ पडायच्या आधी माझ्या वाटणीचे काढून दे."

चार दिवसांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरनं तिची लघवी निळ्या औषधात उकळली, तेव्हा नळीतलं पाणी विटेसारखं लाल झालं होतं. साखरेचा आजार. डॉक्टर भला होता, समजावून बोलला. गूळ-साखर बंद, भात बंद, भाकरी चतकोर. अंडी खा, दाणे खा, पालेभाजी खा. पालेभाजी म्हणताना त्याची नजर खिडकीबाहेरच्या करपल्या रानावर गेली आणि तो पथ्य कागदावर लिहू लागला.

कडूबाईनं त्याच दिवसापासून पथ्य धरलं. सकाळी रेशनवरच्या मिलो ज्वारीची चतकोर भाकरी, दुपारी पाणी. आज सकाळी मातीच्या पाटीसकट ती भरावावर गुडघ्यांवर आली होती.

"कसला खोळंबा आहे?" आतून कामावरचा हजेरी कारकून आला. मुक्ताबाईनं सांगितलं.

"साखर?" तो हसला. "नाव कडू आणि अंगात साखर!"

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. कडूबाई हसली नाही.

"माझ्या आधीची तीन लेकरं गेली, म्हून आईनं कडू नाव ठिवलं. मरनाला ग्वाड लागू न्हाई म्हून. दाणे द्या."

"हे बघ बाई, वरून सुकडी ठरलीय. दाणे ठरलेले नाहीत. घ्यायची तर घे, नाहीतर बाजूला हो. आणि हा आजार बंगल्यातल्या लोकांचा. माती वाहणाऱ्याला कुठून होतोय?"

"आजाराला मानूस कळत न्हाई, सायेब," कडूबाईचा आवाज चढला. "तुमाला तरी कळावा."

रांगेत मागून केशरबाई म्हणाली, "द्या की मूठभर. तिच्याच वाट्याचे हायेत."

"तिला दिले की उद्या सगळ्या मागाल. पदराला बांधून घरी न्याल."

बायकांनी माना खाली घातल्या. सुकडी जागेवरच खायची, असा नियम होता, आणि घरी ठेवलेल्या लेकराच्या नावानं घासभर तरी गाठीला बांधत नव्हती अशी त्या रांगेत एकही नव्हती.

कडूबाई जागची हलली नाही. तिनं एका हातानं छपरीचा खांब धरला.

"सकाळी मी पडले ते तुमी बघितलं. बघून म्हनला, नखरे करती. आता परत पडले आन् उठलेच न्हाई, तर वरचे सायेब इचारतील, बाई कशानं मेली? काय सांगनार? भुकेनं म्हनलं, तर इथं रोज सुकडी शिजती. सुकडी खाऊन म्हनलं, तर हा डाक्टरचा कागद हाय."

तिनं कनवटीचा कागद काढून पुढं केला. कारकुनानं तो हातात घेतला नाही. मागच्याच आठवड्यात शेजारच्या कामावर एक म्हातारा दुपारी बसल्या जागी गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिथं चौकशीला दोन जीपगाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"दे तिला," तो मुक्ताबाईला म्हणाला. मग कडूबाईकडं बोट रोखलं. "पण इथंच खायचे. माझ्या नजरेसमोर. एक दाणा जरी पदराला बांधलेला दिसला, तर उद्यापासून कामावर यायचं नाही."

मुक्ताबाईनं मूठ भरून दाणे दिले. कारकुनाचं तोंड दुसरीकडं वळलेलं पाहून आणखी अर्धी मूठ टाकली.

कडूबाई छपरीच्या सावलीत थांबली नाही. दहा पावलांवर मुरमाचा ढीग होता, त्यावर भर उन्हात जाऊन बसली. नजरेसमोर म्हणजे नजरेसमोर. कारकुनाला बाहेर यावं लागलं. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

तिनं एक दाणा उचलला. दोन बोटांत चोळून त्याचं साल काढलं, फुंकलं, दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. चार दिवसांत पहिल्यांदा पोटात काही धडाचं जात होतं. मग दुसरा उचलला. त्याचंही साल काढलं.

रांग पुढं सरकत होती. बायका सुकडी घेऊन इकडंच तोंड करून बसत होत्या. कारकुनानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला.

"आवर की लवकर."

"डाक्टर म्हनलाय, सावकाश चावून खायचं."

आणखी चार-पाच दाणे झाले. कारकुनाच्या कानामागून घाम ओघळून कॉलरीत शिरला. तो छपरीकडं वळला.

"थांबा, सायेब," कडूबाई म्हणाली, आणि मूठ उघडून त्याच्यापुढं धरली. "अजून हायेत."